उशीवरचा लाल दिवा

"दिवा काढू नका," अहल्या म्हणत होती. भांडण समोरच्या घरातलं. सुभानपुऱ्यात आमच्या गल्लीत खिडक्या इतक्या समोरासमोर की कान झाकले तरी ऐकू यावं, आणि मी काही झाकले नव्हते.

तिचे यजमान दिनकरराव नंदेसरीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. अठ्ठ्याण्णव साली अहल्येचं डावं अंग गेलं. दिवसभर ती एकटी, म्हणून त्यांनी साबणाच्या डबीत बिनतारी घंटा बसवली, वर ती चालू असल्याचा लाल दिवा. तिनं बटण दाबलं की माझ्या स्वैपाकघरात वाजायची. आत मायक्रोकंट्रोलर का काय ते होतं. मी चिप म्हणायची. तिसरीपर्यंतच्या शाळेत तेवढंच जमतं. पण सेल आठवडाभरात संपायचे, आणि ते कामावर असताना संपले तर?

"चिप झोपवलीय मी," ते समजावत होते. "बटण दाबलंस की उठेल. सेल खातोय तो हा दिवा. काढला की वर्षभर बघायला नको."

"पण घंटा चालू आहे हे मला कसं कळायचं?"

"दाबून बघायचं."

"आणि मावशींना उगीच पळवायचं?"

अशी ती. पाणी मागतानासुद्धा आधी ओशाळायची.

दिवा निघाला. महिने गेले, सेल टिकले. दिनकरराव गल्लीत पेढे वाटायचेच काय ते राहिले.

श्रावणात एका दुपारी मी कढी घेऊन गेले, तर अहल्या खिडकीखाली पडलेली. मला हाक मारायला तिथवर सरपटत आली होती. अंग गार. डबी उशीवर तशीच; माझ्याकडे घंटा वाजलीच नव्हती.

दिनकरराव नंदेसरीहून आले, तिच्याजवळ बसले. मग डबी उचलून त्यांनी बटण दाबलं. गल्लीपलीकडे माझ्या स्वैपाकघरात घंटा खणखणीत वाजली. आम्ही दोघांनीही ऐकली.

तेराव्यानंतर त्यांनी दिवा परत बसवला. डबी उशीवर, दिवा रात्रंदिवस चालू. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. दर शनिवारी ते नाक्यावर सेल आणायला निघायचे, मला विचारायचे, "मावशी, काही आणू?" दुकानदार गुजरातीत म्हणायचा, "काका, पाछा सेल?" परत सेल कशाला, म्हणून. घरी येऊन सेल घालायचे, बटण दाबायचे आणि खिडकीत येऊन उभे राहायचे.

एका रविवारी पहाटे ते वारले. शनिवारी छातीत दुखत होतं, तरी सेल आणले, माझी कोथिंबीरही आणली. कोथिंबीर शिळी होती, त्यावरून मी दोन शब्द सुनावले. मग त्यांनी सेल घातले, बटण दाबलं, खिडकीत आले.

"वाजली हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.