गॅदरिंगच्या दिवशी आलेले डोळे

इस्लामपूरच्या ज्या शाळेत माझी बायको शिकवते, तिथल्या आजारी मुलांच्या खोलीचा कारभारही तिच्याकडेच आहे. खोली म्हणजे एक खाट, थर्मामीटर, वाफेचं यंत्र आणि बायकोचा आवाज. यातलं शेवटचं सगळ्यात गुणकारी. तापलेल्या पोराला सकाळी औषध पाजून फाटकात सोडणारे आईबाप तिला लांबून ओळखू येतात. "औषधानं ताप दबतो, जात नाही. औषधाशिवाय एक अख्खा दिवस अंग गार राहू दे, मग पाठवा," असं ती फोनवर सांगते आणि समोरचा माणूस निमूट गाडी काढून पोराला न्यायला येतो. शाळेत ती शुद्ध बोलते. पण कुणी हुज्जत घातली की भाषा थेट कडेगावला, माहेरी जाते.

यंदा गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तिनं एका बड्या बागायतदाराच्या नातवाला डोळे आले म्हणून घरी पाठवलं. पोरगा नाटकात राजा होता. त्याचा मुकुट दुपारपर्यंत प्रधानाच्या डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मुलगी उठली ती चिकटलेले डोळे घेऊन. कोमट पाण्यानं पुसल्यावर उघडले, ते लालभडक.

मुलगी सातवीत आहे. मुलींच्या लेझीम पथकाची हलगी तिच्याकडे होती. आजवर हलगीला बाहेरून माणूस आणायचे. यंदा पहिल्यांदा ती मुलीच्या हातात आली होती, आणि तीही हिनं हट्टानं मागून घेतलेली. हलगीचा ठेका बदलला की पावलं बदलतात. हलगी नसेल तर लेझीम म्हणजे नुसता भांड्यांचा खुळखुळाट.

मी कचेरीत नोकरी करतो. नियमाला वळसा कुठून घालायचा, हे मला झोपेतही सुचतं.

"गॉगल लावू," मी म्हणालो. "मिरवणुकीत हलगीवाले लावतातच की. उलट शोभून दिसेल."

"गॉगलनं डोळे झाकतील. हाताचं काय?" बायको म्हणाली. "हात डोळ्याला, हात लेझमीला, लेझीम दुसरीच्या हातात. आन मेकपच्या खोलीत काजळाची एक डबी सगळ्या पथकाच्या डोळ्यांतनं फिरती, ती?"

"हिला काजळ नको लावू. हलगीला दुसरं कोण हात लावतंय?"

"आवं, काल त्या पोराच्या आजोबांना काय सांगितलं मी? लोकाचा राजा घरात बसवायचा आन आपली राणी गॉगल लावून मिरवायची व्हय?"

ती आत गेली. मुलीसाठी स्वतः इस्त्री करून ठेवलेला, तिचा हात अजून न लागलेला फेटा बायकोनं बदली वाजवणारीसाठी कागदात गुंडाळला आणि शाळेत न्यायच्या पिशवीत घातला. पिशवीचा बंद तिला दोनदा बांधावा लागला. मग माझ्या लक्षात आलं की या घरात गॅदरिंगची वाट बघणारी मुलगी एकटी नव्हती.

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिकडूनच म्हणाली, "मग वाजवणार कोण?"

मी घसा खाकरला. लग्नाआधी गावच्या जत्रेत मी हलगी वाजवलेली आहे.

"तुमी नको!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या जत्रेची हकिगत आमच्या पाहुण्यारावळ्यांत अजून सांगितली जाते, हे खरं आहे.

मग मुलीनंच फोन लावला, पथकात पहिल्या रांगेत नाचणाऱ्या मैत्रिणीला. ती बाजारपेठेतल्या शिंप्याची लेक. पलीकडून रडवेला आवाज आला, "मला न्हाई जमायचं गं."

"तुला पावलं पाठ हायत न्हवं? मग ठेकाबी पाठ हाय. पाय कवा उचलतीस, ते हातात आण. हां, वाजव."

दुपारभर आमच्या घरात ही टेबल बडवत होती आणि फोनमध्ये ती पत्र्याचा डबा बडवत होती. ती चुकली की ही ओरडायची, "लय भारी! आता परत पहिल्यापासनं." मी एवढ्या गोडीनं कुणाची चूक काढल्याचं मला आठवत नाही. तिकडे बायकोनं शाळेतल्या हलगीच्या काड्या साबणानं धुतल्या. मला हलगी शेकायचं काम मिळालं. शाळेमागं उसाचं पाचट पेटवून मी चामडं ताणून दिलं आणि कार्यक्रमाआधी घरी परतलो. बायकोला तिथंच थांबायचं होतं.

शाळा आमच्या मागच्याच गल्लीत. संध्याकाळी कर्ण्यातून निवेदन ऐकू आलं, मग हलगी. मुलगी खिडकीशी बसली होती. तिचे पाय आपोआप हलत होते. ठेका बदलायची जागा जवळ आली तशी ती अगदी थांबली, श्वाससुद्धा. तिकडे हलगीनं वळण घेतलं आणि सगळ्या लेझमी एका दणक्यात तिच्यामागून वळल्या. मैदानातून शिट्ट्या आल्या.

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजाराचं किती आणि तिचं स्वतःचं किती, मी विचारलं नाही.

"घाई केली थोडी," ती म्हणाली. "पण एकीचंबी पाऊल चुकू दिलं न्हाई तिनं."