ताईच्या फोनचा डोळा

त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. लोकांनी घड्याळं घालणं सोडल्यावर त्याच भिंगातून ते मोबाइल दुरुस्त करू लागले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. गिऱ्हाईक बसलं की भिंगवाल्यांना पाय आखडून घ्यावे लागत. माणूस मवाळ. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई, आणि तेच पुढे नडलं.

त्यांच्या मुलीला ऐकू येत नसे, बोलताही येत नसे. घरात ती ताई. मूकबधिरांच्या शाळेत थोडे दिवस गेली, तिथे हातांनी बोलायला शिकली आणि तशीच बोलणारी एक मैत्रीण तिला मिळाली. लिहिणं दोघींचं सहीपुरतंच. पुढे मैत्रीण लग्न होऊन लांब गेली. घरात ताईची भाषा कुणाला धड येत नव्हती. भिंगवाल्यांना जेवण, पाणी, झोप, चल एवढ्या कामापुरत्या खुणा येत. मग स्वस्तातले कॅमेऱ्याचे फोन आले, आणि ताई रोज दुपारी साखरेच्या डब्याला फोन टेकवून मैत्रिणीशी हातांनी गप्पा मारू लागली. मध्येच मोठ्यांदा हसे. एवढं हसण्यासारखं तिला काय सापडतं ते भिंगवाल्यांना कळत नसे, पण बरं वाटे.

त्यातच वस्तीतल्या एका मुलीचा केस विंचरतानाचा फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरला. फोटोत तसं काहीच नव्हतं. पण पराचा कावळा झाला, आणि सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांनी तर साऱ्या मुली पळून जायच्या तयारीत आहेत इथपर्यंत मजल मारली. वडीलधारे जमले. त्यांच्यात कापडवाल्यांचा शब्द शेवटचा. ठरलं असं, की फोन असू द्या, अडीनडीला लागतो. पण बायकामुलींच्या फोनला कॅमेरा नको. फोटो काढणारा त्या मुलीचा चुलतभाऊच होता. त्याचा फोन मात्र कुणी मागितला नाही.

बाप मुलींचे फोन घेऊन जिन्याखाली येऊ लागले. भिंगवाले फोन उघडत, पुढचा-मागचा कॅमेरा चिमट्याने उचलत, भोकात काळा डिंक भरत आणि झाकण बसवत. लोक त्याला ‘डोळा काढणं’ म्हणत. काम इतकं सफाईदार, की कुठे ओरखडा दिसू नये. जे कधी ढुंकून बघत नसत ते आता वाटेत थांबून चौकशी करू लागले. खोटं कशाला बोला, भिंगवाल्यांना ते आवडलं.

एकदा कापडवाले येऊन स्टुलावर बसले.

"भिंगवाले, सगळ्यांचं केलंत. घरचं काय?"

"ती त्यावर बोलते हो."

"कारण प्रत्येकाकडेच असतं."

घरी बायको म्हणाली, "अहो, मग ती बोलणार कशी?"

"चार दिवस. लोकांची डोकी थंड झाली की परत बसवतो. मी काय फेकून देतोय?"

ताईला वाटलं, बाबा फोन साफ करून देणार. तिने तो आधी स्वतःच बाहीने पुसला आणि हसून त्यांच्या हातात ठेवला. तिच्या फोनचे काढलेले कॅमेरे त्यांनी घड्याळाच्या एका जुन्या डबीत जपून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला आले ते दारातच थबकले. फोनमध्ये मैत्रीण दिसत होती. मैत्रिणीला मात्र नुसता काळोख. ती हातांनी पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती, आणि ताई उत्तर देत होती. हात फोनच्या जवळ नेऊन, मग आणखी जवळ. त्याच क्षणी ती डबी उघडायला हवी होती. पण उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, या धास्तीने त्यांनी मान खाली घालून जेवण उरकलं. मैत्रिणीचे फोन कमी होत गेले, मग बंद झाले.

लोकांची डोकी थंड झाली, पण सावकाश. कापडवाल्यांचा मुलगा परदेशी गेला, तिकडे नातू झाला. एका सकाळी कापडवाले बायकोचा फोन घेऊन जिन्याखाली आले.

"नातवाला बघायचं म्हणते. डोळा बसवून द्या. आता दिवस बदलले."

भिंगवाल्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तो फोन तसाच टेबलावर टाकून, डबी खिशात घालून ते घरी गेले.

कॅमेरा बसला. ताईला स्वतःचा चेहरा फोनमध्ये दिसला तशी तिने घाईने केस नीट केले, साखरेचा डबा ओढला आणि मैत्रिणीचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. शेवटी भिंगवाल्यांनी साधा कॉल करून फोन कानाला लावला. आतली बाई सांगत होती, की हा नंबर आता अस्तित्वात नाही. दुसरा नंबर घरात कुणाकडेच नव्हता.

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. भिंगवाल्यांनी हात उचलले. नंबर बंद झालाय हे हातांनी कसं सांगतात, ते त्यांना येत नव्हतं. माझं चुकलं हे कसं सांगतात, ते तर इतक्या वर्षांत कधी विचारलंही नव्हतं. हात तसेच अधांतरी राहिले.

ताईने त्या हातांकडे थोडा वेळ पाहिलं. बाबांचे हात उठले म्हणजे त्यांना काहीतरी हवं असणार. ती उठली, त्यांना पाणी आणून दिलं, आणि परत डब्यासमोर जाऊन बसली.