आत्याच्या मागून आलेली घोडी

मंडळी, आज बायकोचं, सीमाचं, जाहीर कौतुक करायचंय.

आंदर मावळातली आमची आत्या नजर गेल्यापासून लोणावळ्याला आमच्याकडे असते. सिनेमे ती नुसते ऐकते. तिच्यासाठी मी कॉम्प्युटरला ऑप्टिकल केबलने पाच स्पीकरचा संच जोडला, पण पुढचे दोन सोडून बाकीचे स्पीकर मुकेच! मी हात टेकले.

सीमा मात्र दुपारभर सेटिंग तपासत बसली. "केबल ठीक आहे रे. कॉम्प्युटरच फक्त पुढच्या दोघांचा आवाज पाठवतोय."

तिने पाचही स्पीकरचा आवाज जाईल अशी प्लेअरमधली सेटिंग बदलली आणि सिनेमा पुन्हा लावला.

आत्या गर्रकन मागे वळली. "आरं, घोडी आली मागनं, सरका की!"

मग स्वतःच हसली. "सीमा, लय दिसांनी पिच्चर दिसला बग मला."

सीमाचे डोळे भरून आले.

तुमच्या घरी असं कानांनी पाहणारं कुणी आहे का? त्यांना काय ऐकवता?