आभाळातली वाळू

पुनो शहरात गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं दगड भिरकावला तर कुणाला तरी लागेल इतकी आहेत. पण काढलेल्या फोटोच्या पोटात मालकाचं नाव दडवून ठेवणारी बाई एकच, फिदेलिया लाकी.

लाकींचं दुकान बाजारामागच्या चढणीवर. पुढच्या खोलीत पडदा, दिवे आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी एक स्टूल. मागच्या खोलीत चूल, जुना संगणक आणि फिदेलिया. नवरा, अन्सेल्मो, फोटो काढायचा. ती त्यांना शिक्का मारायची. कांदेलारिया मातेच्या सणाला शहरात नाचणाऱ्यांची पथकं उतरतात. एकेक पथक म्हणजे एकेक गावच, आणि त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा असतो. फोटोवाले आधी नमुने फेसबुकवर टाकतात आणि गिऱ्हाईक आवडेल तो विकत घेतं. निदान घ्यावा अशी अपेक्षा. पूर्वी नमुन्यावर आडवं नाव टाकलं की भागायचं. मग लोक शहाणे झाले. कुणी नाव कापून टाकी, कुणी पुसून टाकी. एका बाईनं तर नावासकट फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता. तिच्या पोटावर हे एवढं ‘लाकी’. अन्सेल्मोनं विचारलं तर म्हणाली, “असू दे की. पाहुण्यांना वाटतं, पोशाख शिवणारी कंपनी आहे.”

त्यानंतर फिदेलियानं दडवलेला शिक्का शिकून घेतला. विद्यापीठातल्या एका मास्तरांकडून छोटा प्रोग्रॅम मिळाला, बाकीचं ती आपलं आपण चुकत चुकत शिकली. माहेरी आकोरात तिनं शाली विणल्या होत्या. एक धागा वर, एक धागा खाली, आणि लांबून पाहिलं की नक्षी. फोटोतही तसंच होतं. फोटो म्हणजे अगणित ठिपके. काहींचा उजेड केसभर चढवायचा, काहींचा केसभर उतरवायचा. कुठले चढवायचे आणि कुठले उतरवायचे हे एक गुप्त शब्द ठरवतो. डोळ्याला काही कळत नाही. पण तोच शब्द देऊन विचारलं, की विखुरलेले ठिपके हाकेला ओ देतात आणि त्यांतून अक्षरं उभी राहतात: लाकी. फोटोचा कोपरा कापला तरी उरलेल्यात नाव असतंच. तो शब्द त्या दोघांनाच ठाऊक होता. शिवाय फिदेलियाची एक रीत होती. प्रत ज्याला द्यायची त्याचंही नाव ती शिक्क्यात घालायची. प्रत भलतीकडे निघाली, तर कुणाच्या हातून गेली ते कळावं म्हणून.

नवराबायकोत भांडण व्हायचं ते शिक्क्याच्या जोरावरून. जोर कमी ठेवला, तर या फोनवरून त्या फोनवर जाताना फोटो दाबला जातो आणि शिक्का मरतो. जोर वाढवला, तर शिक्का टिकतो, पण दिसायला लागतो. टिकल्यांच्या झग्यात, पिसांत, मुखवट्याच्या दाढीत कितीही जोर लावा, खपून जातो. आभाळात नाही खपत. आमचं आभाळ निळं, सपाट, एकही सुरकुती नसलेलं. त्यात जोराचा शिक्का वाळूसारखा वर येतो.

“पुन्हा आभाळात वाळू ओतलीस,” अन्सेल्मो म्हणायचा.

“वाळूवरच चोराचं पाऊल उमटतं.”

“चोराला फोटो देईन एक वेळ. असलं आभाळ नाही देणार. काढ ती.”

ती बडबडत जोर उतरवायची. आभाळाच्या बाबतीत त्याच्याशी कुणाचं चाललं नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी सुकवलेल्या बटाट्यांचं सूप पिऊन अन्सेल्मो जरा आडवा झाला आणि उठला नाही. फिदेलिया रडली नाही. आठव्या दिवशी रीतीप्रमाणे त्याचे कपडे धुवायला बायका ओढ्यावर जमल्या, तेव्हा तिनं सदऱ्याची कॉलर दोनदा घासली, कारण पहिल्यांदा मळ निघाला नव्हता. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तिला काही वाटत नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, मग तो आपला आहे हे बघून कळतं. तिला सगळ्या अंगाचं तसं झालं होतं. ती उठायची, ओळखपत्राचे फोटो काढायची, चहा करायची. चहा निवायचा. निवलेला प्यायची.

जानेवारीत तिची नणंद ओनोराता बाजारातला पनीरचा गाळा उघडा टाकून धापा टाकत चढण चढून आली.

“वहिनी, ऊठ. शाल घे आणि चल माझ्याबरोबर.”

“दुकान आहे.”

“दुकानाला काय पाय फुटणार आहेत?”

मोठ्या चौकाच्या भिंतीवर त्या भागातल्या मोरेनादा नाचाच्या पथकाचं नवं पोस्टर लागलं होतं. चांदीसारख्या जड पोशाखातला एक नाचणारा गिरकीच्या मध्यावर, हात उंच, हातात लाकडी खुळखुळा आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. फिदेलियानं लगेच ओळखला. गेल्या सणात अन्सेल्मो रस्त्यात गुडघे टेकून बसला होता, गर्दीनं लोटू नये म्हणून ती त्याचा पट्टा धरून उभी होती. त्यानं एकदाच बटण दाबलं होतं. त्यानं मनापासून काढलेला तो शेवटचाच. पोस्टरच्या तळाशी छापलं होतं, ‘छायाचित्र: वेन्सेस्लाओ पिल्को’.

“बघितलंस?” ओनोराता भिंतीवर बोट आपटत होती. “वेन्सेस्लाओ! ज्याच्या पोरीचा माझा भाऊ धर्मपिता, तो! भावाच्या थडग्यावरचं सिमेंट वाळलं नाही अजून.”

“वाळलंय,” फिदेलिया म्हणाली. “परवाच बघून आले.”

“तुला राग तरी येतो का गं?”

फिदेलिया पोस्टरच्या अगदी जवळ गेली. आभाळात वाळू होती. एवढ्या मोठ्या छपाईतही सरळ दिसत होती. कुणीतरी जोर पार वरपर्यंत चढवला होता. म्हणजे शिक्का मेलेला नाही, एवढं तिला कळलं.

पथकाचे प्रमुख एउसेबियो, बायकांना मानानं ‘दोन्या’ म्हणणारे. त्यांच्या दोन बसगाड्या चालतात आणि ते कुणाशीही बोलताना बस सुटायची वेळ झाल्यासारखं बोलतात.

“दोन्या फिदेलिया, पोस्टरं तर चिकटवून झाली. पण मिरवणुकीत पथकाच्या पुढं चालतो तो मोठा पडदा छापायचाय अजून. पुरावा आणा, रविवारी सभेत सगळ्यांसमोर बोला. पडद्यावर अन्सेल्मोचं नाव घालतो. मेलेल्या माणसाचं नाव मातेच्या पुढं चालावं, आम्हालाही बरंच वाटेल. पण वेन्सेस्लाओही आपलाच. तुमच्या नुसत्या शब्दावर त्याला चोर कसा म्हणू?”

“पोस्टरसाठी आलेली फोटोची फाइल द्या.”

त्यांनी पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. “काय दिसेल त्यात?”

“दिसणार काही नाही,” ती म्हणाली. “वाचता येईल.”

घरी येऊन तिनं संगणक लावला. गुप्त शब्द टाकला. जुनं यंत्र कण्हत बसलं, तोवर तिनं बटाटे सोलले. मग संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उभी राहिली. लाकी. त्याखाली, वेन्सेस्लाओसाठी. त्याखाली आणखी एक शब्द, जो तिनं कधी कुठल्या शिक्क्यात घातला नव्हता: आयनी.

आमच्याकडे आयनी म्हणजे हाताला हात. आज तू माझं शेत नांगर, उद्या मी तुझं छप्पर शाकारतो. त्याची कुठं नोंद करत नाहीत, ती कुणी मागून घेत नाही आणि दोघांमधली आयनी तिसऱ्यासमोर उघडी करत नाहीत.

हा शिक्का तिनं मारलेला नव्हता. गुप्त शब्द दोघांनाच ठाऊक. म्हणजे अन्सेल्मोनं, ती नसताना, स्वतः मारलेला. आणि जोर सगळ्यात वर ठेवून. तिनं फोटो मोठा केला. आभाळभर वाळू, शाळेतल्या पोरालाही दिसावी अशी. आभाळासाठी आयुष्यभर भांडलेल्या माणसानं ही वाळू स्वतःच्या हातानं ओतली होती, समोर बसून, आणि मग फोटो तसाच देऊन टाकला होता.

त्याला ती दिसलीच नव्हती.

फिदेलिया बसून राहिली. चहा ओतताना तो पेल्याच्या काठावर बोट ठेवायचा. भाजलं तर नाही म्हणून ती ओरडायची. फोनवरचे निरोप तिला वाचायला लावायचा, म्हणायचा तुझ्या आवाजात बरे वाटतात. हे सगळं तिनं पाहिलं होतं आणि एका ओळीत कधी मांडलं नव्हतं. बटाटे काळे पडायला लागले, तशी ती उठली आणि ते पाण्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी ती वेन्सेस्लाओच्या दारात उभी राहिली. त्यानं तिला पाहिलं, टोपी काढली.

“या, कोमाद्रे. बसा.” पोरीच्या धर्मपित्याला आमच्यात कोंपाद्रे म्हणतात, त्याच्या बायकोला कोमाद्रे.

ती बसली नाही. “कधीपासून दिसत नव्हतं त्याला?”

वेन्सेस्लाओ थोडा वेळ टोपी फिरवत राहिला. “आदल्या वर्षीच्या पावसापासून. साखर डोळ्यांत उतरली म्हणाले डॉक्टर.”

“तुला सांगितलं. मला नाही.”

“तुम्ही त्याच्या ताटातला भात मोजायला लागला असता, असं म्हणायचा.”

“मोजलाच असता.”

“म्हणून तर.” तो ओशाळं हसला, मग हसू गिळलं. “लग्नं, जत्रा, घरांची छप्परं चढवणं, सगळीकडे मी त्याच्या शेजारी. कॅमेरा त्याचा, बोट माझं. कोंपाद्रेला घरी रिकाम्या हातानं कसा पाठवू?”

“आणि मी त्या सगळ्यांवर लाकी म्हणून शिक्के मारत होते.”

“हो.”

“आणि हा गिरकीचा?”

“तो त्याचाच. तुम्ही पट्टा धरून होता की! खुळखुळ्याच्या आवाजावर बटण दाबलंन. नंतर मला म्हणाला, तुझे एवढे घेतले, हा तुझ्या नावानं जाऊ दे. मी नको म्हटलं. तर चिडला. म्हणे, उष्टं देत नाहीये तुला, माझ्या ताटातलं सगळ्यात चांगलं देतोय.”

फिदेलियानं शाल खांद्यावर ओढली.

“रविवारी मी सांगतो, फोटो त्याचा आहे, मी चोरला. आयनीचं तोंडातून काढणार नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत. पडद्यावर त्याचं नाव जाईल.”

“तुझी पोर त्याच पथकात नाचते.”

“नाचते.”

“बरं,” ती म्हणाली आणि निघाली.

रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर पथकाच्या दालनात सभा भरली. ओनोराता पहिल्या बाकावर, हातांची घडी घालून, शेजारणींना आधीच सगळं सांगून बसलेली. वेन्सेस्लाओ दाराशी उभा. एउसेबियोंनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, “बोला, दोन्या फिदेलिया. पडद्यावर कुणाचं नाव?”

ती उभी राहिली. वेन्सेस्लाओनं तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

“शिक्का लाकीचा आहे. फोटो अन्सेल्मोनं काढला. प्रत त्यानं स्वतः वेन्सेस्लाओच्या नावानं करून दिली आहे. नाव बदलू नका.”

“वहिनी!” ओनोराता उठलीच. “शुद्धीत आहेस का? दिली म्हणजे? का दिली?”

“आयनी होती.”

दालनात कुजबूज चालू होती ती थांबली. या शब्दाच्या पुढं आमच्यात कुणी विचारत नाही. एउसेबियोंनी टोपी सारखी केली.

“म्हणजे पिल्को?”

“पिल्को.”

“नक्की?”

“बस सुटेल तुमची,” फिदेलिया म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. ती खाली बसली.

घरी जाताना ओनोराता रस्ताभर बोलत होती. “माझा भाऊ ऑगस्टात एकदा गेला. आज तू त्याला दुसऱ्यांदा पुरलंस. त्या मोठ्या पडद्यावर त्याचं नाव असतं तर शहरानं पाहिलं असतं गं. आता काय उरलं त्याचं?”

“हळू चाल,” फिदेलिया म्हणाली. “दगड निसरडे आहेत.”

“तू दगडच आहेस.”

त्यावर तिनं मान हलवली. तिला ते खरंच वाटलं.

सोमवारी तिनं वेन्सेस्लाओला दुकानात बोलावलं. दोन खुर्च्या संगणकासमोर मांडल्या. ज्यांना शिक्का लागलेला नाही असे मूळ फोटो तिच्याकडे जपलेले होते. त्यांतले आदल्या पावसापासूनचे तिनं उघडले.

“कुठले तुझे ते सांग.”

वेन्सेस्लाओ मागं सरकला. “आयनी परत करायची नसते, कोमाद्रे.”

“आयनी तुम्हा दोघांची. मी त्यात बोट घालत नाही. पण शिक्का माझा आहे, आणि तो माझ्या नकळत खोटं बोलत गावभर फिरतोय. सांग.”

त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“हा माझा. हा माझा. हा... हाही माझाच.”

प्रत्येक फोटोच्या मूळ प्रतीवर ती नवा शिक्का मारत गेली: पिल्को. जोर मधे ठेवत होती, ना फार वर, ना फार खाली. लांपाची जत्रा गेली. छपरावर बसून दारू शिंपडणारा म्हातारा गेला. नदीत पाय सोडून बसलेल्या नवरीचा फोटो आला, तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला. हा पाहून ती अन्सेल्मोला म्हणाली होती, असा फोटो तू तरुणपणीही काढला नाहीस. तो जमिनीकडे बघत म्हणाला होता, बरा आलाय.

“माझा,” वेन्सेस्लाओ हळूच म्हणाला.

तिनं शिक्का मारला.

दुपार कलली तेव्हा पाहून झालेल्या फोटोंत लाकींचे म्हणून फार थोडे उरले होते, तेही हललेले, अर्धं डोकं कापलेले. वेन्सेस्लाओ नको नको म्हणत असताना तिनं चहा केला. दोघं पेले हातात धरून बसले.

“मी दिसत होते का त्याला? शेवटी शेवटी?”

“आकार दिसायचा. टोपी दिसायची.”

“टोपी तर इथं सगळ्याच बायका घालतात.”

“हो ना,” वेन्सेस्लाओ म्हणाला. “म्हणून दारात कुणी उभं राहिलं की, तुम्ही बोलेपर्यंत तो गप्प राहायचा.”

फिदेलियानं पेला खाली ठेवला. चहा अजून गरम होता. तिनं संगणकाकडे तोंड केलं.

“पुढचा,” ती म्हणाली.