उलटवलेला ठसा

निकानोर परालेस गुरांच्या जखमेतले किडे नुसत्या शब्दाने पाडायचा. गुराचं खूर जिथे ओल्या मातीत उमटलं असेल, तिथे तो सुरीने चौकोन कापायचा, ढेकूळ उचलून पालथं घालायचा, त्यावर क्रूस ओढायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा. तीन दिवसांत किडे गळायचे. पाउतो नदीच्या दोन्ही काठांवर यावर कोणी शंका घेत नसे. म्हणजे घेणारे होते, पण त्यांच्याही गाईला किडे पडले की तेही टोपी हातात घेऊन निकानोरच्याच दारात उभे राहायचे. तेव्हा त्यांना जमेस धरायचं कारण नाही.

ही प्रार्थना त्याला बापाने, कासिमिरोने, एका गुड फ्रायडेला कानात सांगितली होती. त्याआधी दहा वर्षं बाप त्याला घोड्यावर मागे बसवून गावोगाव फिरवत होता. आजारी गुराचा माग काढायचा, त्यात कधी अर्धा दिवस जायचा. गूर सापडलं की ठसा उलटवायचा, प्रार्थना म्हणायची, आणि मग कासिमिरो म्हणायचा, "आता एवढे आलोच आहोत तर," आणि गुराला दोरीने पाडून काडीने एकेक किडा वेचून काढायचा. वर चघळलेल्या तंबाखूची पिंक जखमेत टाकायचा. निकानोरला या प्रकाराची किळस यायची. खरी ताकद प्रार्थनेची, बाकीची म्हाताऱ्याची खोड, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

बाप गेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी घोडीने निकानोरला असं आपटलं की उजवा गुडघा कायमचा गेला. आता माग कोण काढणार? त्याने तोडगा काढला: ठसाच इकडे आणा. लोक आणू लागले. कोणी केळीच्या पानावर, कोणी ताटलीत, एकाने तर टोपीतच आणला आणि तीच टोपी झटकून डोक्यावर घालून गेला. निकानोर दोन खांबांना टांगलेल्या झोळीतल्या झोळीत उठून बसायचा, ढेकूळ उलटवायचा, पुन्हा आडवा व्हायचा. कीर्ती कमी झाली नाहीच, उलट वाढली. बसल्या जागी किडे पाडतो म्हणजे केवढा मोठा माणूस!

त्यात त्याने एक नियमही केला. त्याच्या प्रार्थनेचे तीन दिवस जखमेला औषध लावायचं नाही, लावलं तर शब्द मोडतो. हा नियम बापाचा नव्हता. युर्लेय नावाची जनावरांची तरुण डॉक्टरीण मोटारसायकलवरून गावात यायला लागली, त्यानंतर हा नियम निघाला. आता यातून काय समजायचं ते समजा.

एर्मेलिंदा ओरोपेसा त्याच्या शेजारची, म्हणजे धडक्या पायांना वीस मिनिटं, निकानोरच्या पायांना तासभर. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याला निकानोरने धरलं होतं. तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावंडांहून घट्ट मानतात. नवरा वारल्यावर तिला एकच आधार उरला होता, मारिपोसा नावाची गाय. मोठी हट्टी गाय. तिच्या नावाचं गाणं म्हणत पुढ्यात बसायचं, वासरू तिच्या गुडघ्याशी बांधायचं, तेव्हा कुठे ती पान्हा सोडायची. वासरू दिसलं नाही की दूध चोरलंच म्हणून समजा. त्या दुधाचं चीज करून एर्मेलिंदा गुजराण करायची. योपाल शहरात राहणारी मुलगी सारखी बोलवायची, पण ही म्हणायची, "मारिपोसा आटेपर्यंत मी इथून हलायची नाही."

मे महिन्यात मारिपोसा व्याली. पाचव्या दिवशी वासराच्या बेंबीत किडे पडले.

एर्मेलिंदा केळीच्या पानात ढेकूळ घेऊन धावत आली तेव्हा निकानोरकडे नदीपलीकडचे दोघे जण कॉफी पीत बसले होते. डॉक्टरीणही होती, तिच्या गाडीची साखळी निसटली होती आणि ती पाना मागायला थांबली होती.

"कोंपाद्रे, वासरू उठत नाही हो. बेंबीला भोक पडलंय, बोट जाईल एवढं. या बाईंनी मागे जांभळ्या फवाऱ्याचा डबा दिला होता, तो मारू का?"

"माराच," युर्लेय म्हणाली. "आधी किडे काढा, मग भोक भरेपर्यंत फवारा. मीच येते ना, साखळी बसली की."

"मग तिच्याकडेच जा की," निकानोर झोळीतून म्हणाला. "माझ्याकडे कशाला आलीस? डब्यापुढे ढेकूळ उलटवायला मी काय खुळा आहे?"

"रागावू नका हो. तुम्ही सांगाल तसं. बाई, तुम्ही नका येऊ."

"काका, वासराचा जीव जाईल तुमच्या रुसव्यात," युर्लेय म्हणाली.

"बाई, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून या नदीकाठची वासरं जगताहेत."

पाहुणे खो खो हसले. निकानोरला बरं वाटलं. त्याने पान पुढ्यात ओढलं, सुरी काढली, आणि त्याचा हात थांबला.

ठसा तळहाताएवढा होता. पाच दिवसांच्या वासराचं खूर दोन बोटांचं, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. मायलेकरं एकाच जागी उभी असणार आणि घाईत, भरल्या डोळ्यांनी, एर्मेलिंदाने आईचा ठसा कापून आणला होता. निकानोर स्वतः गेला असता तर असं झालंच नसतं. आताही काही बिघडलं नव्हतं. "कोमाद्रे, हा मारिपोसाचा ठसा आहे, दुसरा आण," एवढंच म्हणायचं होतं. पण मग वीस मिनिटं जायला, वीस यायला, तोवर पाहुणे ताटकळणार आणि ती पोरगी हसणार. बसल्या जागी किडे पाडणाऱ्याकडे कोणी कोणाचाही ठसा घेऊन येतं, असं होणार.

त्याने ढेकूळ उलटवलं. क्रूस ओढला. पुटपुटला.

"डबा फळीवर ठेव. तिसऱ्या दिवशी वासरू उड्या मारेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. जावं, असं दहा वेळा मनात आलं. पण गुडघा मोडल्यापासून कोणाच्या गोठ्यात गेला नाही तो आज का गेला, असं लोक विचारतील, म्हणून तो झोळीत पडून राहिला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता, असं विचारलं तर बाप गेला तो नव्हे, गुडघा मोडला तोही नव्हे, हा झोळीतला दिवस.

तिसऱ्या दिवशी उजाडताच त्याने खिशात तंबाखू कोंबली, काठी घेतली आणि निघाला. आता किडे वेचायचे, बापासारखे, एकेक. वाटेत दोनदा पडला. पोचला तेव्हा मारिपोसा कुंपणापाशी हंबरत होती आणि वासरू पोत्याखाली झाकलेलं होतं.

एर्मेलिंदा त्याला बघून धावत आली आणि त्याच्या हाताला धरून रडू लागली.

"कोंपाद्रे, मीच मारलं हो त्याला. काल संध्याकाळी त्याचं कण्हणं ऐकवेना. मी फवारा मारला. एकदाच मारला, देवाशपथ. तुमचा शब्द मोडला मी. तुम्ही एवढं बजावलं होतंत."

निकानोरने पोतं उचललं. बेंबीभोवती जांभळा डाग होता, पावलीएवढा. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्याने उघडलंही.

"जाऊ दे, कोमाद्रे," तो म्हणाला. "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते सगळं केलं. मेलेल्या वासराचं कातडं सोलून, एक पोरकं वासरू आणून, गाईने त्याला आपलं समजावं म्हणून त्याच्या पाठीवर ते बांधलं आणि तीन दिवस स्वतः मारिपोसाच्या पुढ्यात बसून तिच्या नावाचं गाणं म्हटलं. गाईने वास घेतला आणि लाथ घातली. दूध आटलं. महिन्याभरात एर्मेलिंदा बोचकं बांधून मुलीकडे गेली.

तेव्हापासून निकानोर ठसा मागवत नाही. कोणी बोलावलं की काठी टेकत स्वतः जातो, किडे वेचतो, आणि फार झालं असेल तर डॉक्टरणीला निरोप धाडतो. लोक म्हणतात, म्हातारा वयाने मऊ झाला. युर्लेय तर त्याला कॉफीची पुडी आणून देते. तिला त्याने ठशाची गोष्ट सांगितली, नदीपलीकडच्या दोघांनाही सांगितली. सांगायची राहिली ती एकीलाच.

डिसेंबरात तो बसने योपालला गेला. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. एर्मेलिंदा मुलीच्या घरी, सिमेंटच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा असा उजळला की शेजारणी बघायला आल्या.

"हेच ते माझे कोंपाद्रे," ती त्यांना म्हणाली. "मी यांचं ऐकलं नाही, वासरू घालवलं, आणि यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. दुसरा कोणी असता तर जन्मभर तोंड बघितलं नसतं."

शेजारणींनी मान डोलावली. एकीने त्याला बसायला खुर्ची दिली. कॉफी आली, तळलेली केळी आली. निकानोरने दोन्ही संपवलं.

निघताना एर्मेलिंदा फाटकापर्यंत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कोंपाद्रे, खरं सांगा. तुमच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नाही ना?"

"नाही, कोमाद्रे," निकानोर म्हणाला. "काही नाही."