एक बोट खिडकी

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मला कुणी शिकवलेलं खपत नव्हतं. दर थंडीत कुंभारवाड्याला आमच्या खळ्यात बेळगावचा एक माणूस आपली झोपायची व्हॅन लावायचा. तो सगळं बोटानं मोजायचा. चहा दिला तरी, "मामा, एकच बोट वता."

त्या थंडीत मी निखाऱ्यांची शेगडी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं वाट अडवली.

"इस्तू भाईरच. बंद डब्यात त्यो झोपेतच माणूस मारतोय."

"सारा जलम शेगडीपाशी झोपतोय मी!"

"आनि मामी सारी थंडी खोकत्यात."

मी पेटलो. "आज तुझ्या डब्यात झोपतो. कुडकुडलो तर शेगडी आत!"

त्यानं माझ्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं, बाटल्या गोधडीत घातल्या, गादीखाली भाताचं गवत पसरलं आणि खिडकी एक बोट उघडी ठेवली. इतकी ऊब आली की कानटोपी काढून मी राजासारखा घोरलो.

सकाळी तो हळूच म्हणाला, "हरला न्हवं, मामा?"

"कोन? निखारं माझं, गवत माझं. मी जिंकलो!"

तसाच घरी आलो, खोकणाऱ्या म्हातारीच्या खोलीतली शेगडी अंगणात काढली आणि तिथल्या खिडकीला थंडी अडवायला ठोकलेले खिळे एकेक करून उपटले.