न उचललेला फोन

माझी मावशी जेवायलासुद्धा दाराकडे तोंड करून बसायची. इस्लापूरच्या सासरी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, उंबऱ्यावर तोंड आपटून तिचे पुढचे दोन दात पाडले, त्या दिवशी ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली आणि औशाला आमच्याकडे आली. आम्ही लातूर सोडून औशाला आलोय, हे काकांना ठाऊक नव्हतं. मावशीला इथल्या एका शाळेत नोकरीही मिळाली.

ती भित्री मुळीच नव्हती. शेजारच्यानं एकदा अंगणात बायकोवर हात उगारला, तेव्हा ही कुंपणाजवळ जाऊन शांतपणे म्हणाली, "तो हात खाली घे. न्हाईतर मी घेते."

काका मात्र तिला रोज व्हिडिओ कॉल करत. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. शाळेचे तास त्याच ॲपवर होत, म्हणून ते काढून टाकता येईना. मावशी फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवायची आणि खुशाल वाजू द्यायची. "उचलल्याबिगर काय दिसतंय त्याला?"

दिसत होतं. त्या ॲपमध्येच खोट होती. फोन नुसता वाजत असला, तरी समोरच्याला कॅमेऱ्यातून सगळं दिसायचं. मावशीचा ओटा दिसला, खिडकी दिसली, आणि खिडकीपलीकडच्या खताच्या दुकानाची पाटी, गावाच्या नावासकट.

एका रविवारी दुपारी काका कोयता घेऊन घरात शिरले. आईला त्यांनी भिंतीवर ढकललं. मावशीला म्हणाले, "सकाळी निळी साडी होती. बदलली काहून? रोज बघून राहिलो मी तुला."

पहिला वार तिनं उजव्या हातावर झेलला. दोन बोटं फरशीवर पडली. डाव्या हातानं तिनं उकळत्या वरणाचं पातेलं त्यांच्या तोंडावर फेकलं. ते खाली कोसळले, तशी तिनं वरवंटा उचलला आणि गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. मी तिला मागून घट्ट धरलं, तेव्हा कुठे ती थांबली.

पोलीस म्हणाले, "बाई, चुकून उचलला असेल तुम्ही फोन."

"न्हाई उचलला, साहेब," मावशी म्हणाली. "माझ्या घराची कडी मी आतून लावली होती. दुसऱ्या कुणीतरी ती ढिली ठेवली."

काकांना शिक्षा झाली. ॲपवाल्यांनी पुढे 'काही दोष दुरुस्त केले' एवढंच कळवलं. मावशी डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकली. शाळेतल्या मुलींच्या फोनमध्ये कोणत्या ॲपला कॅमेरा खुला आहे, हे ती स्वतः बघायची.

माझं लग्न होऊन मी नांदेडला निघाले, तेव्हा सगळे रडत होते. मावशी माझ्या नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, हिच्या फोनात डोकवायचं न्हाई. तुमचा पत्ता मला ठाऊक हाय."

तो हसला. मावशी हसली नाही.